खिडकीखालची बाटली

सकाळी साडेआठला ताईने नाट्यगृहाच्या मागच्या दाराचे कुलूप काढले, पायपुसण्यावर चपला दोनदा घासल्या आणि ती डाव्या विंगेतल्या लांब टेबलापाशी गेली. टेबलावरची चादर काढून तिने कोपऱ्याला कोपरा जुळवत घडी केली. खाली खाकी कागद पसरलेला होता आणि त्यावर प्रत्येक वस्तूची बाह्यरेषा खडूने काढलेली होती. कंदिलाची, गजराच्या घड्याळाची, डब्याची, चिंध्यांच्या बाहुलीची, पाण्याच्या पेल्याची. नाटकात लागणारी वस्तू रंगमंचावर जाऊन आली की आपल्या रेषेत परत बसलीच पाहिजे, हा तिचा नियम होता. ताईंच्या टेबलावर टाचणी हलली तरी त्यांना घरबसल्या कळतं, अशी नटमंडळींत थट्टा चाले.

तिने घड्याळाला किल्ली दिली. पेला पुसला, उजेडात धरला, पुन्हा पुसला. कंदिलाची वात कातरली. मग हिरवी बाटली घेऊन ती मागच्या मोरीत गेली. सरबताची जुनी बाटली होती ती. गळ्याशी निमुळती, पोटाशी फुगीर. तिने ती उकळत्या पाण्याने तीनदा विसळली आणि नळाच्या पाण्याने गळ्यापर्यंत भरून त्यात दुधाचे सहा थेंब टाकले. सहा थेंबांत पाणी दिव्याखाली नेमके हवे तेवढे गढूळ दिसे. उकळत्या पाण्याने रोज विसळावी असे बाटलीत काही नव्हते. पण दुसऱ्या प्रवेशात अडीच-तीन वर्षांची एक पोर ती तोंडाला लावीत असे, आणि ताईला त्यापूर्वी बाटली हुंगून पाहिल्याशिवाय चैन पडत नसे.

अठ्ठावीस वर्षे ती या नाट्यगृहात नाटकांची प्रॉपर्टी सांभाळत होती. राजांचे मुकुट, खुन्यांचे सुरे, पुसून गेलेल्या पत्रांच्या नव्या नकला, सगळे तिच्या हातून गेले होते. पण या टेबलावरच्या तेवीस वस्तू तिच्या स्वतःच्या लहानपणच्या घरातल्या होत्या. म्हणजे तशाच, हुबेहूब. नाटक तिच्या धाकट्या भावाने लिहिले होते आणि तोच ते बसवीत होता. त्यात धुलाईखान्यात राबणारी एक आई होती, आणि तिची तीन मुले. मोठी मुलगी, मधला मुलगा आणि ठकी. पहिला प्रयोग आज दुपारी चारला होता.

"ताई, चहा घे." धाकटा दोन पेले घेऊन विंगेत आला. त्याची दाढी वाढली होती आणि सदऱ्याची बटणे एकेक घर चुकून लागली होती.

"बटणं बघ आधी. लोक म्हणतील, नाटककाराला आई-बहीण कोणी आहे की नाही?"

"आहेत म्हणून तर नाटक आहे." तो हसला आणि बटणे सोडून पुन्हा लावू लागला. "बाटली भरलीस?"

"भरली."

"रंग अगदी तोच ना गं? काल मला जरा निळसर वाटली."

"तोच आहे."

"तुझ्यासारखा साक्षीदार दुसऱ्या कोणाला मिळायचा नाही." त्याने चहाचा घोट घेतला. "आईला दहाच्या तालमीला बोलावलंय. दुपारी लोकांत एकदम बघून घाबरायला नको. तिसऱ्या रांगेत बसवतो, पहिल्या रांगेत मान दुखते."

"शेवटचा प्रवेशही बघेल ती?"

"त्याच्यासाठीच तर बोलावलंय. छत्तीस वर्षं झाली, ताई. आता मोकळं करू तिला."

शेवटच्या प्रवेशात मोठा झालेला मुलगा म्हाताऱ्या आईच्या घरी येतो. तिने दिलेला पाण्याचा पेला आयुष्यात पहिल्यांदा न हुंगता तोंडाला लावतो आणि म्हणतो, 'आई, मी तुला माफ केलं.' हे हुंगणे धाकट्याचे स्वतःचेच होते. आईच्या घरी पाणी पिताना पेला आधी नाकाशी नेण्याची त्याची सवय, लहानपणी तो वसतिगृहात होता, तिथून परतल्यापासूनची. आपली ही सवय आईच्या ध्यानात आलेली नाही, असा त्याचा समज होता.

"समज," ताई म्हणाली आणि तिने पेला खाली ठेवला, "समज, बाटली आईने खाली ठेवलीच नसेल तर?"

"मग कोणी ठेवली? देवाने?" तो हसला, पण बहिणीचा चेहरा पाहून त्याने हसू आवरले. "तिने स्वतः सांगितलं ना. कागदावर सही केली. आठ महिने तुरुंगात काढले. तरी तू आपली तिची वकिली करतेसच."

"वकिली नाही रे."

"तुझं मन मोठं आहे. माझं नाही, म्हणून मला दोन अंकी नाटक लिहावं लागलं." त्याने तिच्या खांद्यावर थोपटले आणि दिवेवाल्याच्या हाकेला ओ देत तो निघून गेला. ताईच्या ओठांपर्यंत आलेले शब्द तसेच मागे फिरले. गेली छत्तीस वर्षे ते असेच फिरत आले होते.

ब्लीच पिऊन ठकी गेली तेव्हा धाकटा चार वर्षांचा होता. त्याला आठवत होती ती आईची किंकाळी, फरशीवरची हिरवी बाटली आणि दारात जमलेली माणसे. बाकी सगळे त्याने ताईला विचारून वहीत उतरवून घेतले होते. फळी कुठे होती? कंदील कोणत्या खिळ्याला? ठकीची बाहुली कसली? ताईने वर्षभर एकेका प्रश्नाचे खरे उत्तर दिले. प्रॉपर्टीच्या बाबतीत खोटे बोलणे तिच्या हाताला ठाऊकच नव्हते. एकाच प्रश्नाला ती अडली. बाटली खाली का होती? ती म्हणाली, "आई दमली होती." ते वाक्य जसेच्या तसे संहितेत गेले. आता आईची भूमिका करणारी अभिनेत्री रोज ते म्हणत असे, आणि ताई रोज विंगेत उभी राहून ऐकत असे.

खरे वेगळे होते. धुलाईखान्यातून आणलेले ब्लीच आई सरबताच्या हिरव्या बाटलीत भरून फळीवर ठेवी, आणि त्याला हात लावायचा नाही ही ताकीद तिघांनाही होती. दुसऱ्या दिवशी शाळेत कवायतीची तपासणी होती, आणि दहा वर्षांच्या ताईचे कापडी बूट मळून राखेच्या रंगाचे झाले होते. तिने स्टूल फळीखाली सरकवले, बाटली काढली, खिडकीखाली फरशीवर बसून ब्रशने बूट पांढरेशुभ्र केले आणि भिंतीला टेकवून वाळत ठेवले. मग ब्रश धुवायला ती आवारातल्या नळावर गेली. तिथे मुली दोरीवरून उड्या मारत होत्या. तिची पाळी आली. तिने सदतीस उड्या मारल्या. इतक्या तिने पूर्वी कधी मारल्या नव्हत्या, आणि हा आकडा तिने आजवर कोणालाही सांगितला नव्हता.

अडतिसाव्या उडीला आईची किंकाळी ऐकू आली. ताई दारात पोचली तेव्हा आईने ठकीला खांद्यावर घेतले होते. शेजारीपाजारी धावत येत असल्याची चाहूल जिन्यात लागली, तशी आई वाकली. एका हातात पोर सांभाळत तिने दुसऱ्या हाताने ओले बूट उचलले आणि आपल्या कामाच्या पिशवीत कोंबले. मग ताईकडे एकदाच पाहिले. पहिला शेजारी आत शिरला तेव्हा ती म्हणत होती, "मीच ठेवली होती खाली. मी दमले होते."

दहा वाजता आई आली. बहात्तर वर्षांची, काठी न टेकता चालणारी, दोन्ही हातांची बोटे ब्लीचने कायमची सालपटलेली. तिसऱ्या रांगेत बसताना तिने खुर्चीवरून हात फिरवून धूळ पाहिली. धाकट्याने तिच्या पाठीशी उशी ठेवली. "इतकी काही मोडलेली नाही मी," ती म्हणाली, पण उशी तिने काढली नाही.

तालीम पहिल्या अंकापासून सुरू झाली. आईची भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीला सगळे मावशी म्हणत. तीस वर्षे तिने आयाच केल्या होत्या. रंगमंचावर मला एकोणचाळीस मुलं झाली, आजारी पडले तर एकही विचारत नाही, असे ती येताजाता ऐकवी. पण कामाला चोख होती. रंगमंचावरच्या प्रत्येक वस्तूचे कारण तिला लागे. बाटलीच्या प्रवेशापाशी ती थांबली.

"सर, एक विचारू? आज विचारायला नको होतं, पण माझ्या डोक्यातून जात नाहीये."

"विचारा ना."

"हे स्टूल." मावशीने फळीखालच्या स्टुलावर हात ठेवला. "पहिल्या प्रवेशात मी बाटली फळीवर ठेवते, तेव्हा माझा हात सहज पोचतो. मग इथे, बाटली खाली आली त्या वेळी, फळीखाली स्टूल कशाला? मी तर चढत नाही. मग ते सरकवलं कोणी?"

धाकट्याने वही चाळली. "ताईच्या यादीत आहे. खरंच तिथे होतं ते." तो विंगेकडे वळला. "ताई, स्टूल तिथे का होतं गं?"

 यादी करताना ताईने डोळे मिटले होते, खोली समोर आणली होती, आणि जिथे जे दिसले ते लिहून काढले होते. बूट तिने हाताने झाकून ठेवले, पण स्टूल झाकायचे तिच्या मनातही आले नाही. एखादी वस्तू जागेवर होती म्हणजे होती. इतक्या वर्षांच्या सवयीने तिचा असा घात केला होता.

"मी ठेवलं होतं," तिसऱ्या रांगेतून आवाज आला. सगळ्या माना वळल्या. आई उभी राहिली नव्हती, पण तिचा आवाज खणखणीत होता. "पाठ दुखायची माझी त्या दिवसांत. हात वर जात नव्हता. म्हणून स्टूल घेतलं." मग मावशीला म्हणाली, "बसतं ना हे तुमच्या कामात?"

मावशी क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. "बसवते," ती म्हणाली.

जेवणाच्या सुट्टीत आई प्रॉपर्टीच्या खोलीत आली आणि तिने दार लोटून घेतले. चारी भिंतींना छतापर्यंत फळ्या होत्या. त्यांवर टेलिफोन, तलवारी, मेणाची फळे, पुठ्ठ्याची पुस्तके दाटीवाटीने बसली होती. आईने एका खोक्यावर बैठक मारली.

"स्टूल कशाला लिहिलंस? एवढी शहाणी तू!"

"तिथे होतं म्हणून."

"तिथे बरंच काही होतं. बूट नाही लिहिलेस ते!"

 छत्तीस वर्षांत बूट हा शब्द त्या दोघींमध्ये प्रथमच उच्चारला गेला होता. आईने शेजारचे एक फडके उचलले आणि मांडीवर ताणून ती त्याची घडी घालू लागली.

"काय केलंस त्यांचं?" ताईने विचारले.

"धुलाईखान्याच्या भट्टीत घातले. पोलीस मला न्यायला यायच्या आधी, पहाटे. रबर लवकर जळत नाही. वास सुटला. मुकादम म्हणाला, काय जाळतेस? म्हटलं, चिंध्या."

"आई, मी आज त्याला सांगते. चारच्या आत."

"काही सांगायचं नाही."

"सगळ्या लोकांसमोर तो तुला माफ करणार आहे! कशाबद्दल?"

"करू दे की. बरी आहे माफी, मी कशाला नको म्हणू?" आईने घडी मोडली आणि पुन्हा घातली. "हे बघ, माझ्यावर राग धरून तो वाढला. त्या रागावर शिकला, नाव काढलं. आता चाळिशीत तुझ्यावर नव्याने धरायचा म्हणजे त्याला सवड तरी आहे का? आई त्याची गेली त्या दिवशीच. बहीण तेवढी उरली. तीही काढून घेऊ?"

"आणि माझं काय?"

"तुझं काय?"

"तू मला एकदासुद्धा बोलली नाहीस. एक थप्पड मारली असतीस तरी चाललं असतं. रोज ती बाटली मी भरते, मी ठेवते, आणि ती बाई म्हणते, मी दमले होते. मला कोणी काही विचारतच नाही."

आईचे हात थांबले. "दहा वर्षांची होतीस गं तू," ती म्हणाली.

ताईने तोंड फिरवून भिंतीकडे केले. हे वाक्य ऐकायला तिचे सगळे तरुणपण गेले होते, आणि ते आले तेही गप्प बसवण्यासाठी.

"मला वचन दे," आई उठत म्हणाली. "त्याला तोंडाने एक अक्षर सांगायचं नाहीस. माझे आठ महिने फुकट घालवू नकोस."

"नाही सांगणार तोंडाने."

आई गेली. फडके खोक्यावर होते. चारी कडा एकमेकींवर बरोबर आलेल्या. ताईने ते उचलून फळीवर ठेवले. आईने वाचवलेली ती मुलगी आजही नळावरच उभी आहे, असे तिला वाटले. कोणी तिला घरात बोलावत नव्हते, कारण ती बाहेर आहे हेच कोणाला ठाऊक नव्हते. आणि तिच्या बदल्यात एक म्हातारी बाई थोड्याच वेळात, दिव्यांच्या उजेडात, न केलेल्या गुन्ह्याची क्षमा पदरात घेणार होती. निमूटपणे, पाठीशी उशी घेऊन.

तिने स्टूल ओढले. सगळ्यात वरच्या फळीवर मुलांच्या पोशाखांची पेटी होती. तळाशी कापडी बुटांचा एक जोड सापडला. मापाने थोडा मोठा, पण चालण्यासारखा. राखेच्या रंगाचा. ती मोरीत गेली, बाह्यरेषांसाठी ठेवलेले खडू वरवंट्याने कुटून तिने पाण्यात कालवले आणि ब्रशने बूट रंगवायला घेतले. टाच, पंजा, नाड्यांच्या भोकांच्या कडा.  छत्तीस वर्षांपूर्वीही याच क्रमाने ब्रश फिरवला होता. किती छान झालेत, असेच तेव्हा वाटले होते.

साडेतीनला तिने मावशीच्या खोलीचे दार वाजवले. मावशी आरशासमोर चेहऱ्याला पावडर लावत होती.

"मावशी, आज बाटलीजवळ एक जोड बूट असतील. ओले असतील. अडखळू नका."

मावशीचा हात गालावरच थांबला. "कोणाचे?"

"मोठ्या मुलीचे."

आरशात दोघींची नजर मिळाली. खाली रंगमंचावर कोणीतरी नेपथ्याच्या चौकटी सरकवत होते.

"अस्सं," मावशी हलकेच म्हणाली. "म्हणजे स्टूल..."  मग तिने विचारले, "सरांना माहीत आहे?"

"बघतील तेव्हा कळेल. स्टेजवरची वस्तू आणि वस्तू त्यांना पाठ आहे."

"मग मी ते वाक्य कसं म्हणू? मी दमले होते, ते?"

"जसं म्हणता तसंच. बूट उचलून पिशवीत टाका आणि म्हणा. आई तसंच म्हणाली होती."

मावशीने मान डोलावली आणि ती पुन्हा आरशाकडे वळली. पावडरीचा डबा मात्र तिने उघडाच ठेवून दिला, आणि रिकाम्या हाताने ती बराच वेळ गाल चोपत राहिली.

पहिली घंटा झाली. ताईने टेबलाशी येऊन खाकी कागदाच्या रिकाम्या कोपऱ्यात बूट ठेवले आणि त्यांच्याभोवती खडूने रेघ ओढली. मग भिंतीवरची यादी काढून तेविसाच्या खाली लिहिले: चोवीस, कापडी बूट, पांढरे, एक जोड, मोठ्या मुलीचे. अक्षर नेहमीचेच आले. तिने यादी खिळ्याला परत अडकवली.

दुसऱ्या घंटेला पडद्याच्या चिरेतून तिसरी रांग दिसत होती. धाकटा आईच्या शेजारी बसला होता. बटणे या वेळी बरोबर लागली होती. तो वाकून तिला काहीतरी सांगत होता आणि आई ऐकल्यासारखे करत समोरच्या पडद्याकडे बघत होती. हे दोघे अजून थोडाच वेळ असे बसतील, हे एकट्या ताईला माहीत होते. तिने तेवढे डोळे भरून पाहून घेतले. मग ती चिरेपासून बाजूला झाली.

पहिला प्रवेश नेहमीसारखा झाला. अंधार होताच ताई आत शिरली. हा बदल ती बावीस पावलांत करीत असे. तिने कंदील खिळ्याला लावला. बाहुली दाराशी टाकली. स्टूल फळीखाली सरकवले. बाटली उचलून खिडकीखाली, खुणेच्या ठिपक्यावर ठेवली आणि झाकण शेजारी पालथे टाकले. मग काखेतले बूट काढून ते बाटलीपासून वीतभर अंतरावर भिंतीला टेकवले. तळ भिंतीकडे, पंजे वर, ओला बूट वाळत ठेवतात तसे. त्यांतून पांढरे पाणी निथळून फरशीवर एक लहानसा ओघळ झाला. तो तिने पुसला नाही.

विंगेत परतल्यावर तिने टेबलाकडे पाहिले. शेवटच्या प्रवेशाचा पेला आपल्या रेषेत होता, लखलखीत पुसलेला. तो आज लागेल की नाही, हे तिला ठाऊक नव्हते.

दिवेवाला अंधारातून तिच्या इशाऱ्याची वाट बघत होता. ताईने हात वर केला.